संशोधन की सोपस्कार?

विधिमंडळाच्या डिसेंबर २०२३ मधील नागपूर अधिवेशनात अधिछात्रवृत्त्यांच्या संख्येवर चर्चा चालू असताना, पीएच.डी. करून ही मुले कोणता दिवा लावणार आहेत, अशा आशयाचा प्रश्न तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारला आणि राज्यातील संशोधक विद्यार्थ्यांत संतापाची लाट उसळली. तो संताप अनाठायी नव्हता. सत्तेच्या आसनावरून ज्ञानाच्या उपयोगाचा हिशेब अशा भाषेत मागितला जाऊ नये, हे उघड आहे. तथापि शब्दांच्या कठोरपणावर वाद झडला आणि मूळ प्रश्न मात्र बाजूलाच पडला. विद्यार्थ्याच्या संशोधनाकडून समाजाने नेमकी कशाची अपेक्षा करावी, आणि ती पूर्ण होण्यासाठी काय पुरवावे, याचा विचार ना सरकारी बाकांवर झाला, ना विरोधी बाकांवर, ना विद्यापीठांच्या विद्यापरिषदांत.

हा विचार आता लांबणीवर टाकता येणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाने संशोधन हा विषय पदव्युत्तर वर्गाच्या उंबरठ्यावरून थेट पदवीच्या वर्गात आणून ठेवला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. त्यासाठी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंधिका पूर्ण करावी लागते. एवढ्यावर त्याला पीएच.डी.च्या प्रवेशाचा मार्गही खुला होतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे २०१४-१५ मध्ये देशात पीएच.डी. करणारे विद्यार्थी १.१७ लाख होते, ते २०२१-२२ मध्ये २.१२ लाख झाले. यात आता पदवीच्या विद्यार्थ्यांची भर पडणार. अभियांत्रिकीपासून मानसशास्त्रापर्यंत आणि संगणकशास्त्रापासून चित्रकलेपर्यंत प्रत्येक विभागाला ‘संशोधन’ करून दाखवावे लागेल.

करून दाखविण्याची सक्ती झाली की काय होते, याचा अनुभव आपल्याला नाही असे नव्हे. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. हेतू चांगला होता. प्रबंध कपाटात कुजू नयेत, विद्वानांच्या नजरेखालून जावेत, असा तो होता. पण लाखो उमेदवारांना निबंध छापून हवा म्हटल्यावर तो छापून देणाऱ्यांची बाजारपेठ उभी राहिली. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, अशा नियतकालिकांचे पेव फुटले. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची जी यादी केली, तिच्यात विद्यापीठांनी सुचविलेली हजारो नावे होती. पुण्यातील संशोधकांनी त्यांतील नमुना घेऊन तपासणी केली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला, तेव्हा तपासलेल्यांपैकी ८८ टक्के नियतकालिके गुणवत्तेच्या कसोटीला उतरत नसल्याचे दिसले. ज्या यादीने चोरांना बाहेर ठेवायचे, तिनेच त्यांना ओळखपत्रे दिली होती. त्याच वर्षी यादीतून चार हजारांवर नावे वगळण्यात आली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.साठी निबंध छापण्याची अटच काढून टाकली गेली आणि २०२५ च्या प्रारंभी ‘केअर’ यादीही आयोगाने बंद केली. सोळा वर्षांत अट, यादी, यादीची दुरुस्ती आणि यादीचे विसर्जन असे एक वर्तुळ पूर्ण झाले. या काळात ज्यांचे निबंध वाईट नियतकालिकांत छापले गेले ते सगळे विद्यार्थी अप्रामाणिक होते, असे कोणी म्हणणार नाही. नियमाने जे मागितले, ते त्यांनी आणून दिले.

या अनुभवावरून विद्यार्थ्यांकडून खरे संशोधन होतच नाही, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो चुकीचा आहे. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोघांसह एक छोटा निबंध जाहीर केला. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे निश्चितपणे आणि संख्येच्या अंकांच्या प्रमाणात मर्यादित राहणाऱ्या वेळात ठरविण्याची रीत त्यात होती. शतकानुशतके गणितज्ञांना झुलविणारा प्रश्न सुटला होता आणि सोडविणाऱ्या तिघांपैकी दोघे नुकतेच बी.टेक. होऊन बाहेर पडले होते. २००६ मध्ये या कामाला गोडेल पारितोषिक मिळाले. ही हकीकत आपल्याकडे ‘भारतीय प्रतिभेचा विजय’ म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यातील शिकण्यासारखा भाग वेगळाच आहे. त्याआधीच्या वर्षी, २००१ मध्ये, त्याच संस्थेतील आणखी दोन बी.टेक. विद्यार्थ्यांनी आपल्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पात याच प्रश्नावर काम केले होते आणि एक अनुमान मांडून ठेवले होते. त्यांना उत्तर सापडले नव्हते. पुढच्या तुकडीने तेच अहवाल हाती घेतले, तेच अनुमान पारखले आणि तेथून पुढे वाट निघाली. म्हणजे पहिल्या तुकडीच्या ‘अपुऱ्या’ प्रकल्पाला त्या संस्थेत कोणी केराची टोपली दाखविली नाही. आणि प्राध्यापक स्वतः त्या प्रश्नात बुडालेले होते, विद्यार्थ्यांना विषय वाटून देऊन मोकळे झालेले नव्हते. अशा ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातून मोठे काम होऊ शकते. दर वर्षी व्हावे, असा आग्रह धरणे मात्र वेडेपणाचे ठरेल.

अभियांत्रिकीतील दोन उदाहरणे महाराष्ट्रातीलच आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी, असे दोन्ही श्रीहरिकोट्याहून पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाने अवकाशात गेले. ‘स्वयम्’ला अवकाशात दिशा धरण्यासाठी ऊर्जा खाणारी यंत्रणा नव्हती, आत बसविलेल्या चुंबकांच्या साहाय्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरून त्याने स्वतःस स्थिर करावे, अशी योजना होती. नाव सार्थ होते. ‘प्रथम’चे काम आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजदाद करण्याचे होते. वृत्तपत्रांत उड्डाणाच्या दिवशीची छायाचित्रे आली. पण ‘प्रथम’ची कल्पना २००७ ची आणि ‘स्वयम्’चे काम २००८ मध्ये सुरू झालेले. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असते. ज्यांनी पहिला आराखडा काढला, ते उड्डाणाच्या दिवशी केव्हाच नोकरीधंद्याला लागलेले होते. दर वर्षी वरची तुकडी जात होती आणि खालची येत होती. जाणाऱ्याने काय केले, कोणता भाग कोणत्या चाचणीत का निकामी ठरला, याची नोंद येणाऱ्याच्या हाती पडली नसती तर हे दोन्ही उपग्रह कार्यशाळेच्या टेबलावरच राहिले असते. इस्रोच्या तपासणीतून जाताना ‘जवळपास बरोबर’ ही सबब चालत नाही, हेही या मुलांना विशीच्या आतबाहेर कळले. कोणत्याही गुणपत्रिकेत या शिक्षणाला रकाना नाही.

याच राज्यातील शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालयांत अखेरच्या वर्षाला जो ‘प्रोजेक्ट’ असतो, त्याचे चित्र यापुढे ठेवून पाहावे. शहरांतील महाविद्यालयांच्या आसपास तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने आहेत, हे अध्यापकांना, पालकांना आणि परीक्षकांनाही ठाऊक असते. यंत्र, अहवाल आणि तोंडी परीक्षेत द्यावयाची उत्तरे असा संच तेथे मिळतो. गेल्या वर्षीचाच संच मुखपृष्ठ बदलून पुन्हा येतो, ही गोष्ट परीक्षक ओळखतात आणि सही करतात. कारण दिवसभरात वीस गटांची परीक्षा उरकायची असते. एका बाजूला तुकड्या आपले अपुरे काम पुढच्यांच्या हाती सोपवितात, दुसऱ्या बाजूला पूर्ण झालेले काम विकत मिळते. आणि विद्यापीठाच्या दप्तरी दोन्हींची नोंद ‘प्रकल्प पूर्ण’ अशी सारखीच होते.

मानसशास्त्राची अडचण निराळ्या जातीची आहे. तेथे यंत्र लागत नाही, प्रश्नावली पुरते. ती मोबाइलवरून मित्रमंडळींना पाठवावी, शंभर-सव्वाशे उत्तरे गोळा करावीत, संगणकाकडून सहसंबंध काढून घ्यावा आणि ताण, आत्मविश्वास अथवा मोबाइलचे व्यसन यांवर प्रबंधिका सिद्ध करावी, हा परिपाठ झाला आहे. प्रश्नावली बहुधा अमेरिकेत तेथील विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली असते. तिचे मराठी भाषांतर घाईने केलेले असते, आणि भाषांतरात प्रश्नाचा अर्थ तोच राहिला की नाही, हे पाहण्यास वेळ नसतो. अर्थात हा दोष एकट्या आपल्या विद्यार्थ्यांचा नाही. मानवी मनाविषयीचे जगभर शिकविले जाणारे पुष्कळसे सिद्धान्त पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजातील माणसांवर, आणि त्यांतही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांवर उभे आहेत, याकडे जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लक्ष वेधले. २०१५ मध्ये तर या शास्त्राला मोठाच हादरा बसला. प्रतिष्ठित नियतकालिकांत आलेले शंभर प्रयोग निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण निष्कर्ष होते. फेरप्रयोगांत असे निष्कर्ष अवघ्या ३६ टक्क्यांत मिळाले. त्यापूर्वी २०११ मध्ये नेदरलंड्समधील डीडरिक स्टापेल या नामवंत प्राध्यापकाची आधारसामग्री बनावट असल्याचे उघडकीस आले, तेही त्याच्याच विभागातील तरुण संशोधकांमुळे. प्रथितयश विद्वानांना जे दिसले नाही, किंवा दिसूनही बोलवले नाही, ते शिकाऊ माणसांनी पाहिले.

यातून विद्यार्थ्यांसाठी एक खरेखुरे काम निघते आणि आपल्या विद्यापीठांचे तिकडेच दुर्लक्ष आहे. प्रसिद्ध झालेला एखादा प्रयोग आपल्या गावात, आपल्या भाषेत, काळजीपूर्वक पुन्हा करून पाहणे आणि तो जुळला की नाही ते प्रामाणिकपणे लिहिणे, हे पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे आणि शास्त्राला त्याची निकड आहे. पण आपल्याकडे विषय मंजूर करणाऱ्या समितीचा पहिला प्रश्न असतो, यात नवीन काय? या प्रश्नापायी विद्यार्थी जुनाच विषय घेतो आणि जिल्ह्याचे नाव बदलून तो नवा करतो. नावीन्याच्या आग्रहाने नावीन्य तर येतच नाही, आणि पडताळणीची शिस्तही लागत नाही. नवा प्रश्न सुचलाच तर तो समितीच्या चौकटीतून क्वचितच येतो. बिल चुकते होईपर्यंत उपाहारगृहातील वाढप्याला गिऱ्हाइकाची सारी मागणी आठवते आणि पैसे मिळताच तो ती विसरतो, अशा साध्या निरीक्षणाची गोष्ट कुर्ट लेविन यांच्या बर्लिनमधील वर्तुळासंबंधी सांगितली जाते. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने अपुऱ्या राहिलेल्या कामांच्या स्मरणावर प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केले. आज पाठ्यपुस्तकांत तिच्या नावाचा परिणाम शिकविला जातो. पुढील काळात तो प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना तो परिणाम नेहमीच आढळला नाही, ही गोष्टही त्याच पाठ्यपुस्तकांत यावयास हवी.

चित्रकलेत आणि अन्य दृश्यकलांत संशोधन म्हणजे काय, हा प्रश्न सर्वांत गोंधळाचा आहे. सर ज. जी. कलामहाविद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यानंतर तर तो टाळणे कठीण झाले आहे. चित्र काढणाऱ्याने शेवटी शंभर पानांचा मजकूर लिहून द्यावा आणि त्यावर पदवी घ्यावी, अशी रीत अनेक ठिकाणी रुळली आहे. हात ज्या ज्ञानापर्यंत पोहोचतो ते पानांत मावतेच असे नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या याच कलाशाळेच्या इतिहासात विद्यार्थी-संशोधनाचा एक थोर अध्याय आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत राहिले. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जवळजवळ सर्व जळून गेल्या होत्या, म्हणून हे काम पुन्हा हाती घ्यावे लागले. अंधाऱ्या गुहांत, मुंबईपासून दूर, विशी-पंचविशीतल्या मुलांनी सुमारे तीनशे चित्रे उतरविली. त्यांतलीही शंभरांहून अधिक चित्रे १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाली. उरलेली लंडनच्या संग्रहालयात आहेत आणि ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

त्या मुलांनी नवे काहीच निर्माण केले नाही, असे एखादी समिती आज म्हणेल. नक्कल ती नक्कल! पण रेषा कोठे वळते, वर्ण एकावर एक कसे बसविले आहेत, भिंतीचा गिलावा कोठे सुटला आहे, हे त्या काळी त्यांच्याइतके बारकाईने कोणी पाहिले नव्हते. मूळ भित्तिचित्रांची पुढे आणखी झीज झाली, तेव्हा काही तपशिलांसाठी या प्रतींकडेच वळावे लागले. या अध्यायाला काळी बाजूही आहे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी भिंतींवर व्हार्निश लावले आणि ते काळवंडून चित्रांचीच हानी झाली. पाहण्याच्या घाईत पाहावयाची वस्तूच बिघडविणे, हा संशोधनातला जुना अपराध आहे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर प्रत्येकाच्या खिशातले देता येईल. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेले रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार यांनी रेखाटले. ते तेव्हा मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधक विद्यार्थी होते आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय होता तमिळ मुद्राक्षरे. देवनागरी ‘र’ आणि दांडा काढलेले रोमन ‘आर’ यांचा मेळ त्या चिन्हात आहे. जुन्या खिळ्यांतील तमिळ अक्षरांचे वळण न्याहाळण्यात वर्षे घालविणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी ‘कोणता दिवा लावणार’ असे विचारले असते, तर त्यालाही आधी उत्तर देता आले नसते.

या सर्व प्रश्नांत नोव्हेंबर २०२२ पासून आणखी एकाची भर पडली आहे. मागाल त्या विषयावर सफाईदार प्रबंध काही मिनिटांत लिहून देणारी संगणकीय साधने तेव्हापासून सर्वांच्या हाती आली. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे आणि ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. हे नियम दुसऱ्याचे शब्द उचलण्याविरुद्ध आहेत. यंत्राने लिहिलेले शब्द कोणाचेच उचललेले नसतात. साम्य शून्य येते आणि प्रमाणपत्र मिळते. लिखित पानांवर संशोधनाची परीक्षा करण्याची पद्धत यामुळे मोडकळीला आली, ही एका परीने इष्टापत्ती म्हणावी लागेल. यापुढे पाहावे लागेल ते काम कसे झाले याकडे. प्रयोगाची रोजनिशी, फसलेल्या चाचण्या, रेखाटनांची वही, मुलाखतींच्या नोंदी आणि त्यांवर मार्गदर्शकाने वेळोवेळी विचारलेले प्रश्न, हे तपासावे लागेल. यंत्राकडून हेही लिहून घेता येईल, पण समोर बसून चार प्रश्न विचारणाऱ्या अध्यापकापुढे ते टिकणार नाही.

आणि येथेच खरी अडचण आहे. पीएच.डी.च्या नियमांत प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असावेत, अशी मर्यादा घातलेली आहे. कारण मार्गदर्शनाला वेळ लागतो हे नियम करणाऱ्यांना मान्य आहे. पदवीच्या चौथ्या वर्षासाठी तोच वेळ कोठून आणावयाचा? राज्यातील महाविद्यालयांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि पुष्कळशा विभागांचा गाडा तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांच्या खांद्यावर चालला आहे. त्यांपैकी अनेकांनी स्वतः उत्तम संशोधन केले आहे. त्यांना मार्गदर्शन जमणार नाही असे नाही. पण पदवीच्या संशोधन प्रकल्पाचे १२ श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. ज्या अध्यापकाचे मानधन वर्गात घेतलेल्या तासांवर ठरते, त्याने एका विद्यार्थ्याच्या फसलेल्या प्रयोगावर घालविलेली सायंकाळ कोणत्या रकान्यात भरावी, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या वर्गात बसेल. तोवर तो रकाना तयार झाला नाही, तर प्रोजेक्टच्या दुकानांना कला आणि मानव्यविद्या या दोन नव्या शाखा उघडाव्या लागतील.